डॉडची चारी

वॉटी लिंडोर्स हा आमच्या खोऱ्यातला चारीवाला. शेतात पाणी तुंबू नये म्हणून मांडीइतकी खोल, वीतभर रुंद चारी खणायची, तळाशी भाजलेल्या मातीच्या नळ्या एकीला एक लावून ठेवायच्या आणि वरून माती लोटून सगळं बुजवून टाकायचं, हे त्याचं काम. काम झालं की वर काही दिसत नाही. चारी चांगली झाली असेल तर पुढची पन्नास वर्षं ती खणणाऱ्याची कुणाला आठवणही होत नाही. वॉटीची कुणाला आठवण होत नसे, आणि या गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता.

मी एल्स्पेथ रेनी, त्याच खोऱ्यातल्या पाववाल्याची मुलगी. शिकले, एडिंबराला गेले, जुन्या अवशेषांची नोंद ठेवणाऱ्या एका खात्यात नकाशे काढायला लागले आणि माझ्या वाट्याला रोमनांच्या छावण्या आल्या. किल्ले नव्हेत, छावण्या. किल्ल्यांवर साहेब लोकांचा डोळा असायचा, कारण तिथे भिंती निघतात, नाणी निघतात, पेपरात फोटो येतो. छावणीत काहीच निघत नाही. पलटण दिवसभर चालून यायची, सभोवती खंदक खणायची, निघालेल्या मातीचा बांध घालायची, तंबू ठोकायची आणि एक-दोन दिवसांनी उठून पुढे जायची. अठराशे वर्षांच्या नांगरटीत बांध सपाट होतो आणि उरतो तो बुजलेल्या खंदकाचा डाग. कोरड्या उन्हाळ्यात त्या डागावरची बार्ली आजूबाजूपेक्षा उंच आणि हिरवी राहते, ती विमानातून दिसते. मग मी फोटोवरून नकाशा काढायचा, शेतात आडवा चर घेऊन खात्री करायची आणि कार्ड भरायचं. माझी आई लोकांना सांगायची, "आमची एल्स्पेथ सरकारसाठी शेतातले डाग मोजते." ती चेष्टा करत नव्हती, तिला खरंच तसं वाटायचं.

वॉटीची नि माझी गाठ पडली ती एकोणीसशे एकाहत्तर साली. गावाबाहेरच्या एका शेतात मी दोन दिवस खणत होते आणि खंदकाचा पत्ता नव्हता. दगडी कुंपणावर टेकून एक सडपातळ माणूस दोन्ही दिवस बघत उभा होता. तिसऱ्या दिवशी त्याने तोंडातला पाइप काढला.

"पोरी, काय शोधतेस?"

"खंदक. रोमनांचा."

"तो होय. तो तिकडं आहे, त्या काटेरी झुडपापासून चौथ्या चारीत. माझं फावडं तिथं गपकन खाली गेलं होतं. तू खणतेयस ती निव्वळ खडी."

"मग दोन दिवस बोलला का नाहीत?"

"तू विचारलंस कुठं? मला वाटलं, तुला खणायची हौस आहे."

खंदक तिथेच निघाला, झुडपापासून चौथ्या चारीत. त्या दिवसापासून पुढल्या तेरा वर्षांत वॉटीने मला सहा छावण्या दाखवल्या. त्याच्याकडे वह्या होत्या. प्रत्येक शेताची एक वही, तीत सगळ्या चाऱ्या आखलेल्या आणि जिथे फावडं मऊ मातीत गेलं तिथे पेन्सिलीची बारीक फुली. तरुणपणी त्याला वाटायचं, ही मेलेली गुरं पुरण्याची जुनी जागा असावी. रोमनांशी, त्यांच्या राजांशी त्याला काडीचं देणंघेणं नव्हतं. त्याला खणणाऱ्या माणसांबद्दल उत्सुकता असायची. माझ्या चरात उतरून तो खंदकाच्या कडेवरून तळहात फिरवायचा आणि म्हणायचा, "हा डावखुरा होता." किंवा, "इथं दुसऱ्याची पाळी सुरू झाली. हा आळशी आहे बघ, याचा मुकादम झोपला होता." मी हसायचे, पण कार्डावर उतरवून घ्यायचे.

त्याची बायको टीनी दर खणण्याला किटलीभर चहा आणि स्कोनचे छोटे पाव घेऊन यायची. डोक्यावर चर्चला जाताना घालायची हॅट, पायात नवऱ्याचे जुने बूट. "या माणसाला घरातली तुंबलेली मोरी दिसत नाही," ती मला म्हणायची, "पण अठराशे वर्षांपूर्वीचं गटार बरोबर दिसतं."

"मोरी तुंबली, कारण तू तिच्यात लापशी ओततेस," वॉटी म्हणायचा.

"लापशी ओतते, कारण ती तू केलेली असते."

असं त्यांचं चालायचं. टीनीला एकच दुखरी जागा होती, तिचा धाकटा भाऊ डॉड. आई लवकर गेली म्हणून टीनीनेच त्याला वाढवलं होतं. डॉड मिल्न आणि वॉटी तरुणपणी जोडीने चाऱ्या खणायचे. सदतीस सालच्या हिवाळ्यात दोघांनी किल्डारॉक इस्टेटीच्या खालच्या शेतात नळ्या टाकल्या. दोन हिवाळ्यांत त्या शेताच्या मधोमध दलदल झाली, मेंढ्या पोटापर्यंत रुतू लागल्या. इस्टेटीच्या कारभाऱ्याने जमीन उघडली तर नळ्या खचलेल्या, सांधे सुटलेले. खापर डॉडवर फुटलं, कारण डॉड दारूच्या गुत्त्यात जास्त दिसायचा. मे महिन्याच्या शेवटी त्याला इस्टेटीचं घर सोडावं लागलं. तो फाइफात कोळशाच्या खाणीत गेला, तिथे छातीच्या दुखण्याने धरला आणि एकसष्ट साली वारला.

आमच्या खोऱ्यात कुणाचं काम फसलं की "डॉडची चारी झाली" म्हणायची पद्धतच पडली. माझे वडीलसुद्धा पाव भट्टीत खाली बसला की हेच म्हणायचे. टीनी दुकानात असली तर लोक जीभ चावायचे, पण तोवर शब्द बाहेर पडलेले असायचे. ती पिशवी उचलून म्हणायची, "डॉड माणूस चांगला होता. नळ्या तेवढ्या त्याच्याकडून नीट बसल्या नाहीत." वॉटी अशा वेळी पाइप साफ करत बसे. मला वाटायचं, मेव्हण्याची लाज वाटत असेल बिचाऱ्याला.

चौऱ्याऐंशीचा उन्हाळा फार कोरडा गेला. जुलैत विमान गेलं आणि किल्डारॉकच्या त्याच खालच्या शेतात बार्लीत दोन लांब हिरव्या रेघा आणि त्यांना जोडणारा गोल कोपरा दिसला. माझ्या नोकरीतली ती सगळ्यात मोठी छावणी होती. आणि वेळ अशी की एका खडीवाल्या कंपनीने त्या शेतातून खडी काढायची परवानगी मागितलेली. सोमवारी सुनावणी होती. खंदक सिद्ध झाला तर शेत वाचणार, नाही तर लॉऱ्या. आमचे साहेब डॉ. हॅल्क्रो यांनी मला चार दिवस आणि एक चर दिला, तोही उपकार केल्यासारखा.

मी धावत वॉटीकडे गेले. फोटो त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला. तो खूष होईल असं मला वाटलं होतं. त्याने चष्मा लावला, काढला.

"तिथं काही नाही, पोरी."

"अहो, कोपरा बघा ना, किती सुरेख वळलाय! किल्डारॉकची वही काढा."

"त्या शेताची वही नाही."

प्रत्येक शेताची वही असलेल्या माणसाकडे नेमकी हीच नव्हती. इथे पाणी कुठेतरी मुरतंय हे माझ्यासारख्या नाकाने कांदे सोलणारीच्या लक्षात यायला हवं होतं. पण मला छावणी हवी होती, घाई होती, आणि म्हातारा आज तिरसट आहे असं ठरवून मी निघाले.

चर घेतला तो हिरव्या रेघेवर बरोबर आडवा. शुक्रवारी, चौथ्या दिवशी, हॅल्क्रो साहेब स्वच्छ बूट घालून आले. वॉटी आला, कारण न येण्याला त्याच्याकडे काही कारण नव्हतं. टीनी किटली घेऊन आली. मी शेवटची माती खरवडली आणि तळाशी लाल नळी दिसली. तिच्या पुढे दुसरी, वाकडी बसलेली, सांधा उघडा.

"नळ्यांची चारी," हॅल्क्रो म्हणाले. "आटपा."

"साहेब, जरा थांबा. चारी वीतभर रुंद असते. ही बघा, वर चांगली हातभर रुंद, खाली निमुळती, दोन्ही कडांना पक्की खडी. आणि फोटोतला कोपरा? चारी कधी वळते का?"

"कोपरा पुसट आहे. जुना ओढा असेल."

मी वॉटीकडे वळले. "वॉटी, तुम्हीच सांगा. पन्नास वर्षं चाऱ्या खणल्यात. कुठला चारीवाला एवढं रुंद खणेल?"

वॉटी नळीकडे बघत होता. टीनी किटली खाली ठेवून चराच्या कडेशी आली होती. ती वाकली आणि हळूच म्हणाली, "या आमच्या डॉडच्या का रे?"

तिचा चेहरा मी पाहिला, वॉटीनेही पाहिला. त्याने पाइप खिशात कोंबला. मग म्हणाला, "हो. डॉडचं काम तसंच असायचं. ढिलं. मनाला येईल तेवढं रुंद."

झालं. हॅल्क्रो साहेब गाडीकडे गेले. मी तिथेच मांडीवर कार्ड घेऊन लिहिलं, "नळ्यांची चारी, १९३७. खणणारा डॉड मिल्न. निकृष्ट काम. खंदक नाही. माहिती, वॉ. लिंडोर्स." निकृष्ट हा शब्द मला कुणी लिहायला सांगितला नव्हता. माझी छावणी हातची गेली होती आणि मेलेल्या माणसावर राग काढणं सोपं होतं. आणि माझं मन आतून सांगत होतं की हे खोटं आहे. तेरा वर्षं मी चाऱ्या पाहत होते. आळशी माणूस चारी अरुंद खणतो, रुंद खणत नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं. पण मी पुन्हा विचारलं नाही.

सोमवारी परवानगी मिळाली. दोन उन्हाळ्यांत किल्डारॉकचं खालचं शेत लॉऱ्यांतून निघून गेलं.

पंच्याऐंशीच्या नव्या वर्षाच्या आठवड्यात वॉटी बसने एडिंबराला माझ्या ऑफिसात आला, हातात लोण्याच्या बिस्किटांचा डबा. तो टेबलावर ठेवून उभाच राहिला. "टीनीनं दिलाय," तो म्हणाला. "डॉडच्या वतीनं. त्यानं तुझं एवढं मोठं काम बिघडवलं म्हणून माफी मागितलीय तिनं."

"अहो, त्यात माफी कसली?" मी म्हणाले. "गुडघे कसे आहेत तुमचे?"

"कुरकुरतात."

असं चार वर्षं चाललं. दर वर्षी टीनी बिस्किटं भाजायची आणि वॉटी, हे मला फार पुढे कळलं, स्वतःच्याच चुकीची माफी डॉडच्या नावाने पोचवायचा. दर वर्षी तो तोंड उघडायला आल्यासारखा उभा राहायचा आणि दर वर्षी मी गुडघ्यांची चौकशी करायचे. सत्त्याऐंशीत आमच्या खात्याने जिल्ह्यातल्या अवशेषांची यादी पुस्तकरूपाने छापली. किल्डारॉकची नोंद माझ्या कार्डावरून जशीच्या तशी आली, निकृष्ट या शब्दासकट. खाली माझं नाव.

अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात टीनी वारली. फेब्रुवारीत वॉटी आला, अंगात तिच्या अंत्यविधीला घातलेला काळा सूट. या वेळी तो खुर्चीत बसला.

"ती चारी माझी होती," तो म्हणाला.

मी टेबलावरचे नकाशे बाजूला सारले.

"वरचा अर्धा डॉडचा, खालचा अर्धा माझा. त्या हिवाळ्यात जमीन लोखंडासारखी झाली होती. माझ्या हातांच्या भेगांतून रक्त यायचं. तेवढ्यात मला मऊ पट्टा लागला, अगदी मला हवा त्याच दिशेनं जाणारा. मी त्याच्यामागं गेलो. कडा ढासळायच्या, म्हणून सगळी मऊ माती उपसली, पार खडीपर्यंत. तळाशी थोडी राहिली, तिच्यावरच नळ्या टाकल्या. मऊ तळावर नळी टाकू नये, हे चारीवाल्याला पहिल्या दिवशी शिकवतात. लहान पोरालासुद्धा कळतं ते."

"आणि कारभारी आला तेव्हा?"

"डॉड त्या दिवशी बाजाराला गेला होता. कारभाऱ्यानं विचारलं, हे कुणाचं काम? मी म्हटलं, साहेब, आम्ही दोघांनी मिळून केलं. त्यानं काय ते ठरवून टाकलं. तेव्हा मी खोटं बोललो नाही, पोरी. गप्प बसलो. खोटं बोललो ते तुझ्या चरापाशी."

"डॉडला ठाऊक होतं?"

"ठाऊक नसायला काय झालं? घर सोडताना मला म्हणाला, टीनीला सांगू नकोस, तिला जन्मभर तुझ्याबरोबर राहायचंय."

"म्हणजे त्यानंच तुम्हाला गप्प बसवलं, असं म्हणायचंय तुम्हाला?" मी तडकून म्हणाले.

"नाही. मला ते सोयीचं होतं म्हणून मी ऐकलं. त्याच्या बाकीच्या कुठल्या गोष्टी ऐकल्या मी?" त्याने रुमाल काढला आणि हातातच धरून ठेवला. "अजून आहे. शेतातून गाडीवाट जायची. कारभारी ती उकरू देईना, म्हणून तिथं मी वळसा घेतला. तेवढ्या वीस पावलांत खंदक तसाच राहिला होता, मी हातही लावला नव्हता. वाटेच्या पलीकडं तो थांबायचा, पुढं निव्वळ खडी. दार असणार छावणीचं. आणि दाराच्या समोर बाहेरच्या अंगाला एक आखूड, आडवा, एकटाच तुकडा. माझ्या आडव्या चारीत तो लागला होता. तू खणत होतीस तिथून वीस पावलं."

रोमन छावणीच्या दारासमोर असा आखूड आडवा खंदक असतो. दुसरं कुणी तसा खणत नाही. तो एकदा सापडला की हॅल्क्रोच काय, कुणाच्या बापालाही नाही म्हणता आलं नसतं.

"वीस पावलं!" मी ओरडले. शेजारच्या टेबलावरच्या बाईने मान वर केली. "वीस पावलं, वॉटी! तुम्ही नुसतं बोट दाखवलं असतंत तरी चाललं असतं! शेत गेलं, टीनी गेली, आता कुणासाठी सांगताय?"

"बोट दाखवलं असतं तर तू विचारलं असतंस, तुम्हाला कसं ठाऊक? आणि टीनी तिथं उभी होती."

मी हॅल्क्रोंकडे गेले. ते म्हणाले, एका म्हाताऱ्याच्या आठवणीवर छावणी मांडता येत नाही. निदान जागा नकाशावर नेमकी दाखवून आणा, मग संभाव्य म्हणून नोंदवू. एप्रिलमध्ये मी वॉटीला घेऊन किल्डारॉकला गेले. शेताच्या जागी खड्डा होता, खड्ड्यात पाणी, पाण्यावर बदकं. मी काठावर मोजणीचा दांडा घेऊन उभी राहिले. वॉटी जुन्या दगडी कुंपणापासून पावलं मोजत निघाला आणि तारेच्या जाळीला येऊन थटला. त्याने हात लांब केला. "तिथं." मग हात थोडा सरकवला. "नाही, अलीकडं." पुन्हा सरकवला. मला त्याच्याकडे बघवेना म्हणून मी बदकांकडे बघितलं.

"पायाखाली असतं तर सांगितलं असतं," तो म्हणाला आणि हात खाली घेतला.

छावणी अशी कायमची गेली. मी नवं कार्ड केलं, त्यात खरं काय ते लिहिलं, खणणारा वॉल्टर लिंडोर्स असं लिहिलं. जुनं कार्ड फाडायचा नियम नाही, दोन्ही एकामागे एक खणात राहतात. रोमनांचं काय लिहिलं ते त्याने विचारलंही नाही.

"छापलेल्या पुस्तकात बदलेल ना?" त्याने विचारलं.

मी त्याला बरं वाटेल असं काही सांगू शकले असते. पण आता त्याच्याशी खोटं बोलायची हिंमत माझ्यात उरली नव्हती. "नाही, वॉटी. दुसरी आवृत्ती निघणार नाही."

"कुठं कुठं असतं ते पुस्तक?"

"लायब्ररीत. शाळांत. सगळीकडे गेलंय."

"फाइफातसुद्धा?"

"फाइफातसुद्धा."

पुढल्या वर्षी आमच्या खात्याला एका लायब्ररीचं तक्रारीचं पत्र आलं. एक म्हातारा बसने येतो, जिल्ह्याच्या यादीचं पुस्तक मागतो, एकच पान उघडतो आणि पेन्सिलीने त्यात लिहितो. हटकलं तर म्हणतो, चूक आहे, दुरुस्त करतोय. त्याला हाकलून दिलं आहे, खात्याने त्याची दखल घ्यावी. सोबत त्या पानाची नक्कल होती. समासात वॉटीचं अक्षर होतं, फुल्या काढणारं, एका बाजूला झुकलेलं. "मिल्न नव्हे, लिंडोर्स."

हॅल्क्रोंनी मला त्याला समज देणारं पत्र लिहायला सांगितलं. मी पत्र लिहिलं आणि त्याच पाकिटात पुस्तक कुठे कुठे गेलं त्या सगळ्या पत्त्यांची यादी घातली. नोकरीत मी केलेली एवढीच काय ती गैरशिस्त, आणि तिचा मला अजून आनंद आहे. तो सत्त्याहत्तर वर्षांचा होता, गुडघे खरोखरच गेले होते. शेजारीण सांगायची की मंगळवार आणि शुक्रवार म्हातारा डबा घेऊन बसस्टॉपवर असतो, विचारलं की म्हणतो, कामावर चाललोय. ब्याण्णवच्या मार्चमध्ये तो वारला. माझी यादी त्याच्या टेबलावर सापडली. एकसष्ट पत्त्यांपुढे फुल्या होत्या आणि अजून शंभराच्या वर राहिले होते.

त्या उन्हाळ्यात मी फाइफात एका खाणकामगारांच्या गावी गेले. डॉड जिथे राहायचा ते गाव वॉटीच्या फुल्यांत नव्हतं. का ते मला ठाऊक नाही. कदाचित शेवटी ठेवलं असेल, कदाचित जाववलं नसेल. तिथली लायब्ररी म्हणजे एक खोली. बाईंनी पुस्तक काढून दिलं, ते कुणी फारसं हाताळलेलं नव्हतं. मी पान उघडलं. समास कोरा होता आणि नोंदीखाली माझं नाव छापलेलं होतं.

मी पेन्सिल काढली आणि लिहिलं, "मिल्न नव्हे, लिंडोर्स." मग तेवढ्याने भागेना. खाली जागा होती. तिथे लिहिलं, "हे चूक आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. मी विचारलं नाही. एल्स्पेथ रेनी."

बाईंनी पाहिलं. त्या म्हणाल्या, "अहो बाई, पुस्तकात लिहू नका."